अजिंठ्याची चित्रं जळाली, फोटो उरले : वऱ्हाडात कॅमेरा घेऊन फिरलेल्या मेजर गिलची गोष्ट

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि दोन दिवसांत ते फोटो प्रत्येकाच्या स्टेटसला लागले. लॉकडाउन होता, जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे बहुतेकांनी ते सरोवर फक्त मोबाईलवरच पाहिलं.

तसंही आपल्या वऱ्हाडात फोटोसाठी जागांची कमी नाही. वरूडच्या पोरांना विचारा. संत्र्याच्या बागा घराच्या दारापासून सुरू होतात, मागे सातपुडा उभा आहे, पावसाळा लागला की गाड्या सालबर्डीकडे वळतात आणि दोन दिवस हाताशी असले की चिखलदरा ठरलेलं. ट्रिप संपायच्या आत ग्रुपवर तीनशे फोटो पडलेले असतात.

पण प्रवासात दिसलेला देखावा कॅमेऱ्यात धरायची ही हौस मोबाईलमुळे आलेली नाही. लोणारचे फोटो साधारण १६० वर्षांपूर्वीही काढले गेलेत. काढणारा माणूस मराठी लोकांना चांगला माहीत आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यातला आणि त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये काढलेल्या सिनेमातला, पारोवर प्रेम करणारा तो इंग्रज अधिकारी.

सिनेमामुळे गिल चित्रकार म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. मात्र ज्या चित्रांसाठी त्याने उमेद खर्ची घातली, त्यातली बहुतेक आज जगात नाहीत. आज त्याच्या कामातलं जे सगळ्यात जास्त पाहायला मिळतं, ते त्याने फिरता फिरता काढलेले फोटो. हे असं उलटं कसं झालं, त्याचीच ही गोष्ट.

शिकारीला आलेला साहेब आणि डोंगरातली लेणी

गोष्ट सुरू होते गिलच्या आधी. २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघूर नदीच्या खोऱ्यात शिकारीला आला होता. समोरच्या कड्यात त्याला कोरीव कमान दिसली. आत जाऊन त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. थोडक्यात, पर्यटनस्थळी नाव कोरून ठेवायची वाईट खोड साहेबांनाही होती.

आजूबाजूच्या गुराख्यांना आणि आदिवासींना ही लेणी ठाऊक होतीच. पण स्मिथनंतर ती युरोपात माहीत झाली. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन हा वास्तुकलेचा अभ्यासक तिथे येऊन गेला. भिंतींवरची चित्रं पाहून तो जितका हरखला तितकाच घाबरलाही. ओल, वटवाघळं, गिलाव्याचे पडणारे पोपडे आणि आठवण म्हणून चित्राचा तुकडा खरवडून नेणारे पाहुणे, असं सगळंच तिथे सुरू होतं. १८४३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट व्हायच्या आत त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला.

ईस्ट इंडिया कंपनीने ते ऐकलं. आता गरज होती अशा माणसाची, ज्याला चित्र काढता येईल आणि जंगलात राहण्याची भीती वाटणार नाही.

वर्षानुवर्षं एकच काम

रॉबर्ट गिलचा जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. तरुणपणी तो कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला आणि ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीत अधिकारी झाला. चित्रकलेत हात चांगला, शिकारीत त्याहून चांगला. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामासाठी त्याची निवड झाली तेव्हा तो चाळिशीत होता.

त्या वेळी अजिंठा निजामाच्या मुलखात होता. गिलने मुक्काम केला तो लेण्यांजवळ नाही, तर काही मैलांवरच्या अजिंठा गावात, तिथल्या बारादरीत. तिथून घोड्यावरून घाट उतरायचा आणि लेण्यांत जाऊन काम करायचं.

काम काय होतं? भिंतीवरचं चित्र जसं आहे तसं, शक्यतो त्याच आकारात, कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायचं. मूळ चित्रं साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही जुनी. लेण्यांत अंधार. कुठे चेहरा शिल्लक पण हात गेलेला, कुठे नुसती रेषा उरलेली. अशा एकेका कॅनव्हासला महिनोन्‌महिने लागत.

असं काम थोडंथोडकं नाही, दीड दशकाच्या वर चाललं. पूर्ण झालेली चित्रं गुंडाळून, पेट्यांत घालून समुद्रमार्गे लंडनला जात. प्रत्येक चित्र एकच. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पारो : सिनेमातली आणि थडग्यावरची

गिल विवाहित होता, त्याला मुलंबाळं होती. पण अजिंठ्याच्या मुक्कामात त्याच्यासोबत राहिली ती पारो नावाची स्थानिक स्त्री. तिच्याबद्दल गावात अनेक कथा सांगितल्या जातात. रंग तिने करून दिले, लेण्यांतल्या वाटा तिने दाखवल्या, असं लोक सांगतात. कविता आणि सिनेमा याच कथांमधून फुलले.

कागदावर किंवा दगडावर मात्र तिची फार थोडी खूण आहे. त्यातली मोठी खूण म्हणजे अजिंठा गावातलं तिचं थडगं. त्यावर गिलने इंग्रजीत मजकूर कोरून घेतला. त्यात तिचा उल्लेख प्रिय म्हणून आहे आणि मृत्यूची तारीख आहे २३ मे १८५६. त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांसोबत राहणाऱ्या देशी स्त्रियांची नावं सहसा नोंदीतून गायब असत. गिलने पारोचं नाव दगडावर लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते कळतं.

कॅमेरा हातात आला

पारो गेली त्याच सुमाराला गिलच्या कामात एक नवी गोष्ट आली. ती म्हणजे कॅमेरा.

फोटोग्राफी तेव्हा अगदी नवी होती. १८३९ मध्ये तिचा शोध जाहीर झाला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. जुन्या वास्तूंची चित्रं काढायला माणसं बसवण्यापेक्षा फोटो काढणं स्वस्त आणि अचूक पडेल, हे कंपनी सरकारच्याही ध्यानात आलं होतं.

आपल्याला आज फोटो म्हणजे बोटाचा एक टॅप. तेव्हाच्या रूढ पद्धतीत काय काय करावं लागायचं, ते बघा.

काचेची पट्टी स्वच्छ करायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरवायचं. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. या सगळ्याला वेळ मिळायचा काही मिनिटांचाच. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथे अंधाऱ्या खोलीचं काम देणारा तंबू, काचा, बाटल्या आणि पाणी, असा सगळा बारदाना सोबत न्यावा लागे.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. कलोडियनमध्ये इथर असतं आणि इथर ३५ अंशांच्या आसपास उकळायलाच लागतं. वऱ्हाडात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो. अशा हवेत काचेवरचं द्रावण पसरवेपर्यंत वाळून जायची भीती. धूळ उडाली तर फोटोवर ठिपके. बैलगाडीने गचका खाल्ला तर काच फुटली.

तरीही गिलने हे सगळं शिकून घेतलं, तेही पन्नाशी ओलांडल्यावर.

दोन डोळ्यांचा फोटो

गिलचे बरेचसे फोटो साधे नव्हते. ते स्टिरिओस्कोपिक होते, म्हणजे एकाच दृश्याचे शेजारी-शेजारी दोन फोटो.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते आणि या फरकावरून मेंदूला खोली कळते. स्टिरिओ कॅमेऱ्यात अशाच अंतराने दोन भिंगं असतात. त्यातून मिळालेली जोडी एका खास दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहिली की चित्र सपाट राहत नाही. पुढचं झाड पुढे येतं, मागचा डोंगर मागे जातो. आजच्या व्हीआर हेडसेटचं तत्त्वही हेच आहे.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. काचेच्या आणि लोखंडाच्या त्या अवाढव्य इमारतीला क्रिस्टल पॅलेस म्हणत. तिथे स्टिरिओस्कोप लोकांनी पाहिला आणि घरोघरी त्याचं वेड लागलं. कधी न पाहिलेला देश दिवाणखान्यात बसून बघायचा, हा त्या काळचा रीलचा नाद समजा. क्रिस्टल पॅलेसचं नावही लक्षात राहू द्या.

स्टिरिओ फोटोची एक अट असते. समोर फक्त लांबचा डोंगर असेल तर दोन्ही चित्रं जवळपास सारखीच येतात आणि खोली जाणवत नाही. म्हणून जवळ काहीतरी लागतं. एखादा दगड, झाड, खांब, उभा राहिलेला माणूस. देखाव्याचे फोटो काढणारे आजही हाच सल्ला देतात. चिखलदऱ्याच्या पॉइंटवरून काढलेली दरी फोटोत सपाट का वाटते, याचं उत्तर यात आहे. दरीसोबत पायाजवळचं गवत किंवा कठडाही फ्रेममध्ये घ्या आणि फरक बघा.

अजिंठ्याहून लोणारला

आता थोडा नकाशा. अजिंठ्याचे डोंगर पूर्वेकडे सरकत बुलढाणा जिल्ह्यात येतात, म्हणजे वऱ्हाडातच. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला होता. त्यामुळे अजिंठ्यात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला वऱ्हाड म्हणजे शेजारचं अंगण.

१८६० च्या दशकात गिल अजिंठा आणि वेरूळच्या पलीकडेही कॅमेरा घेऊन फिरला. लेण्यांसोबत जुनी मंदिरं, मशिदी आणि शिकारीतली जनावरंही त्याच्या फोटोंत आली. या फिरतीत तो लोणारलाही पोचला. तिथलं सरोवर आणि मंदिरं त्याने टिपली.

लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. गिलच्या काळी ते ज्वालामुखीमुळे झालं असावं, असाच सर्वसाधारण समज होता. बेसॉल्ट खडकावर आदळलेल्या अशनीमुळे ते तयार झालं, हे शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी दाखवलं १९७० च्या दशकात. म्हणजे गिल ज्या काठावर कॅमेरा लावून उभा होता तो काठ कसा घडला, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं जायची होती. त्याला फक्त दिसलं ते गोल पाणी, भोवतीची झाडी आणि त्यात दडलेली देवळं. त्याला ते आवडलं आणि त्याने फोटो काढला.

हे काम अजिंठ्यासारखं नव्हतं. अजिंठ्याची चित्रं ही त्याची जबाबदारी होती, त्यावर त्याचं नाव ठरणार होतं. फोटोंच्या बाबतीत शिकारी, चित्रकार आणि भटका हे तिन्ही गिल एकत्र आलेले दिसतात.

१८६४ मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एकात भारतातल्या लेण्यांचे ७४ फोटो, दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग-प्राणीजीवनाचे १०० स्टिरिओस्कोपिक फोटो. दोन्हीचं वर्णन लिहिलं ते जेम्स फर्ग्युसनने, म्हणजे ज्याच्या निबंधामुळे गिल अजिंठ्याला आला त्यानेच. तेव्हा छापखान्यात फोटो छापायची सोय नव्हती. त्यामुळे खरे प्रिंट काढून ते पुस्तकाच्या पानांवर चिकटवत असत.

३० डिसेंबर १८६६

तोवर गिलची अजिंठ्याची चित्रं लंडनमध्ये लोकांना पाहायला मिळत होती. कुठे? क्रिस्टल पॅलेसमध्येच. प्रदर्शन संपल्यावर ती इमारत हलवून १८५४ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात पुन्हा उभारली होती. तिथे भारताचं दालन होतं आणि त्यात गिलची चित्रं टांगली होती.

३० डिसेंबर १८६६ ला क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. तिथली गिलची चित्रं त्यात गेली. तिथे नसलेली मोजकीच वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

आता हिशोब करा. चाळिशीत सुरू केलेलं काम. जंगलातला मुक्काम, ताप, अंधार. पारोचं जाणं. सगळं सोसून तयार झालेलं एकेक चित्र, ज्याची दुसरी प्रत नाही. आणि ते अजिंठ्याच्या ओलीने नाही, वटवाघळांनी नाही, तर जिथे सगळ्यात सुरक्षित राहील असं वाटलं तिथेच जळालं. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता.

आणि फोटो? ते दोन वर्षं आधीच पुस्तकांतून वेगवेगळ्या घरांत आणि ग्रंथालयांत जाऊन बसले होते. एका आगीत सगळे जावेत असे ते एका जागी नव्हतेच. एका काचेवरून हवे तितके प्रिंट निघत. आज गिलच्या फोटोंचा मोठा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आगीने इथेच थांबायचं ठरवलं नव्हतं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नकला नव्याने करायला घेतल्या. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच जळाल्या.

जपायला गेले आणि

गिलच्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नकला करणाऱ्यांना अंधारात रंग नीट दिसत नसत. ते उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर वार्निश लावलं गेलं. काही काळ रंग चमकले. मग वार्निश पिवळं पडलं, काळं पडलं आणि त्यासोबत खालचा रंगही सुटायला लागला. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांचं एक मोठं काम होतं हे जुनं वार्निश काढण्याचं.

चित्र जपायला आलेल्यांच्याच हातून चित्राला इजा झाली. कारण त्या क्षणी त्यांना ते नीट दिसायला हवं होतं. आज अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश मारायला बंदी आहे, त्यामागेही हाच धडा आहे. एकाचा फ्लॅश काही करत नाही, पण रोज येणाऱ्या हजारोंचा करतो.

आपल्या तीनशे फोटोंचं काय?

गिलचे लोणारचे फोटो आज कामाचे का आहेत? ते सुंदर आहेत म्हणून, हे खरंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते कुठले आहेत आणि साधारण कधीचे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे पडझड किंवा दुरुस्ती होण्याआधी देऊळ कसं होतं, काठावर झाडी किती होती, हे त्यावरून ताडून बघता येतं.

आता आपल्या ट्रिपचे तीनशे फोटो घ्या. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागेची, वेळेची मूळ माहितीही सोबत जात नाही. पाच वर्षांनी तो धबधबा सालबर्डीच्या वाटेवरचा की चिखलदऱ्याचा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून चांगले दहा फोटो निवडा. त्यांना गावाचं नाव, साल आणि महिना द्या. पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. क्रिस्टल पॅलेससारखं एकाच जागी सगळं ठेवलं की काय होतं, ते आपण पाहिलं.

आणि फोटो फक्त मोठ्या पॉइंटचेच नकोत. सालबर्डीच्या डोंगरात खोदलेली जुनी लेणी आहेत, वरूडच्या शिवारात संत्र्याच्या बागा आहेत, गावच्या नदीला अजून पूर येतो. बागा तुटतात, नद्या आटतात, रस्ते रुंद होतात. आज अगदी साधा वाटणारा फोटो उद्या गावाकडचा एकमेव पुरावा असू शकतो.

भुसावळचा शेवट

गिल इंग्लंडला परत जाऊन स्थायिक झाला नाही. चित्रं जळाल्यावरही तो याच भागात राहिला. दरम्यान देश बदलत होता. १८६७ पर्यंत भुसावळ, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली होती. ज्या वाटांवर तो काचेच्या पेट्या सांभाळत फिरला, तिथून आता आगगाडीचा धूर दिसू लागला होता.

एप्रिल १८७९ मध्ये तो आजारी अवस्थेत भुसावळकडे निघाला असताना वारला. वय ७४. पारो अजिंठ्यात, तो भुसावळच्या जुन्या युरोपियन कब्रस्तानात. दोघांच्या थडग्यांमध्ये अजिंठ्याचा घाट आहे.

वरूड ऑरेंज सिटी स्टेशनवरून अमरावती आणि पुढे बडनेऱ्याला येऊन मुंबईची गाडी पकडली की भुसावळ लागतंच. गाडी तिथे बराच वेळ थांबते, लोक केळी घेतात, चहा घेतात. त्याच गावाच्या मातीत लोणारचे जुने फोटो काढणारा माणूस आहे, हे पुढच्या वेळी शेजारच्या प्रवाशाला सांगायला हरकत नाही.